एका वेळी एकच रेडिओ

नागपूरजवळच्या बेसा गावाबाहेर एका शेतात दर रविवारी माणसं मांडीवर रेडिओ घेऊन बसायची. थंडीत तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसे ते कापडात गुंडाळलेले असत. कोणाचा टॉवेलात, कोणाचा शालीत, आमचा मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात. वर टिनाचं छप्पर, खाली सतरंज्या. देवाची तसबीर नाही, उदबत्ती नाही, नारळ नाही. समोर एक फळा, त्यावर खडूनं काढलेल्या नागमोडी रेषा, आणि फळ्यापुढे डॉक्टरी पांढरा कोट घातलेला माणूस.

"मला बाबा म्हणू नका," तो सुरुवातीलाच बजावायचा. "महाराज म्हणू नका. पाया पडलात तर बाहेर काढीन. मी प्रोफेसर आहे. प्रोफेसर गिरिधर."

लोक पाया पडायचेच. तो बाहेर काढायचा नाही.

"देव आहे का?" तो छडी फळ्यावर आपटून विचारायचा. "नाही! छातीठोक सांगतो, नाही! पुजारी लुटतात तुम्हाला. पण रेडिओवाला माणूस शंभर कोसांवरून बोलतो आणि तुमच्या ओसरीवर ऐकू येतो. दिसतो का तो? नाही. मध्ये तार आहे का? नाही. लहर येते, लहर! मग माणूस मेला म्हणून त्याच्या बोलण्याची लहर कुठं जाईल? शरीर जळतं. लहर जळत नाही!"

यातली पहिली वाक्यं खरी होती. खऱ्या वाक्यांच्या रांगेत शेवटचं खोटं वाक्य बेमालूम उभं राहायचं. टाळ्या पडायच्या. सगळ्यात जोरात टाळी माझ्या बाबांची असायची.

मग तो नाव पुकारायचा. "इतवारीचे नत्थूजी! चिरंजीव राजू!"

नत्थूजी धान्याचे व्यापारी. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा तलावात बुडून गेला होता. ते रेडिओचं बटण फिरवायचे. आधी खरखर, मग दूर विहिरीतून यावा तसा बारीक आवाज. "बापूजी... मी बरा आहे... इथं पाणी नाही, बापूजी..."

नत्थूजी रेडिओ छातीशी धरून ओक्साबोक्शी रडायचे. सगळी शेड रडायची. रेडिओ त्यांचा स्वतःचा, त्यांच्या दुकानातला. प्रोफेसर दहा हात लांब उभा. हातचलाखी करायला त्याचा हातच तिथं नसायचा.

"बंद करा. पुढचे. एका वेळी एकच रेडिओ!" प्रोफेसर छडी उगारायचा. "दुसऱ्यानं चालू केला तर लहरी एकमेकींना कापतात. लेकराचा आवाज तुटला तर जबाबदारी तुमची!"

कोण घेणार ती जबाबदारी?

"इंदोऱ्याचे आनंदराव! पत्नी भीमाबाई!"

बाबांनी बटण फिरवलं. खरखर झाली. आणि मी माझ्या मेलेल्या आईचा म्हणून सांगितलेला आवाज पहिल्यांदा ऐकला.

"अहो, पुष्पीचे बाबा... आयकून राहिले का?"

"आयकून राहिलो! बोल, बोल वं!"

"मले आता बोलता येते. गळा मोकळा झाला माझा..."

बाबांच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाजूची अनोळखी बाई त्यांच्या पाठीवर हात फिरवू लागली.

"पोरीले सुया टोचू नका... सुयाईनंच माझा जीव घेतला... लहरीचं पानी द्या तिले..."

मी पुढे वाकून विचारलं, "माय, तुला बोलता येत नव्हतं तेव्हा तू मला कशी बोलवायची?"

रेडिओ नुसता खरखरला.

"प्रश्न नाही!" प्रोफेसर ओरडला. "शंकेनं लहरींचं हवामान बिघडतं!"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. हवामान फक्त शेडमध्ये बिघडलं.

माझी माय, भीमाबाई, आयुष्यभर विड्या वळत आली. ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरची. त्याच्या तीन वर्षं आधी तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि विजेचा शेक दिला. त्यानं तिला दोन वर्षं मिळाली, पण ती मुकी. गळ्याला भोक, त्यावर फडकं. मला बोलवायचं असलं की ती पितळी पेल्यावर चमचा वाजवायची. ती वारली तेव्हा बाबांना तिचा आवाज ऐकून इतके दिवस झाले होते, की एकदा मला म्हणाले, "कसा होता वं तिचा आवाज? मले आठवून नाही राहिला."

प्रोफेसरला असा माणूस लागतो. ज्याला आवाज आठवत नाही, त्याला कोणताही आवाज विकता येतो.

माझी धाकटी बहीण पुष्पलता, म्हणजे पुष्पी, एकोणीस वर्षांची. तिला क्षय झाला होता. रोजची सुई, वरून गोळ्या, दीड वर्ष न चुकता, असं दवाखान्यानं सांगितलं होतं. खोकला कमी झाला होता, वजन वाढू लागलं होतं. आणि मग बाबांना त्यांच्या गिरणीतल्या कोणीतरी बेशाला नेलं.

तिथं जायचं तर आधी रेडिओची 'लहरशुद्धी' करून घ्यावी लागे. मेलेल्या माणसाचा आवडता रेडिओ प्रोफेसरकडे ठेवून यायचा, पुढच्या रविवारी परत मिळायचा. मेलेल्याची माहितीही कोणी विचारत नसे. प्रोफेसर तर म्हणायचा, "मला काही सांगू नका, मी ऐकणार नाही." तो खरंच ऐकायचा नाही. बाहेरच्या ओसरीवर कांताबाई नावाची एक मायाळू बाई सगळ्यांना चहा द्यायची. आपलं माणूस गेलेल्याला कोणी प्रेमानं "वहिनींना काय काय आवडायचं हो?" एवढं विचारलं, की तो काय सांगत नाही? बाबांनी मुकेपणा सांगितला, पुष्पीच्या सुया सांगितल्या, 'पुष्पीचे बाबा' ही हाकही सांगितली. पितळी पेल्याचं सांगायचं राहिलं, कारण तो पेला माझ्यासाठी वाजायचा.

त्या रविवारी घरी आल्यावर बाबांनी सुयांच्या बाटल्या उचलून फळीवर मागं सारल्या.

"बाबा, तुमी हे काय करून राहिले?" मी म्हटलं.

"तुह्या मायनं सांगतलं ते करून राहिलो."

"ती माय नव्हती."

"मंग कोन होतं? भूत?" ते हसले. "मी भूत मानत नाही. देव मानत नाही. छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले सारे देव पोत्यात भरून नाग नदीत टाकले मी. तुह्या आजीनं महिनाभर अन्न टाकलं, तरी टाकले. आनं तू मले अंधश्रद्धा शिकवतं? तेथं दगड हाय का? शेंदूर हाय का? मशीन हाय वं, मशीन! तो मानूस आत्माबी मानत नाही, लहर म्हनते."

"नत्थूजींना तो काय म्हणाला, ऐकलं ना? 'लहर म्हणजेच आत्मा.' तुम्हाला म्हणतो आत्मा नाही, लहर. गिऱ्हाईक बघून माल."

"तू बुकं वाचून वाचून कडू झाली वं."

मी पुष्पीकडे वळले. ती खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"ताई, सुईनं कान वाजतात माझे," ती हळूच म्हणाली. "चक्कर येते. आनं माय म्हनते ना, नको म्हनून. माय काहून खोटं बोलन?"

मी दवाखान्यात धावले. डॉक्टर म्हणाले, "कान वाजतात त्यावर काही करता येईल, मात्रा बदलू. पण औषध मध्येच तोडलं तर जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. मग हेच औषध त्यांच्यावर चालत नाही. तिला आणा." मी हे जसंच्या तसं घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "डॉक्टरनं मायचा आवाज खाल्ला. आता पोरगी बी त्याले देऊ?" पुष्पी सज्ञान होती आणि मायच्या शब्दापुढे माझा शब्द तिला हलका वाटत होता. प्रोफेसरकडून आणलेलं ते गोड चवीचं गढूळ 'लहरीचं पाणी' ती रोज पेल्यानं पीत राहिली. आठवडे जात राहिले. खोकला परत आला, मग संध्याकाळचा ताप आला, मग रुमाल लाल झाला. त्यावर प्रोफेसरचं उत्तर तयार होतं. "सुयांचं विष बाहेर पडतंय."

माझ्या अंगात राग मावत नव्हता. पण रागानं रेडिओ उघडत नाही, त्याला पेचकस लागतो.

पेचकस हाती घ्यायचं कारण साधं होतं. आमचा रेडिओ दोन बँडचा. एका बँडवर नागपूर केंद्र लागायचं, दुसऱ्यावर माय सिलोन लावून गाणी ऐकायची. शुद्धी होऊन आल्यापासून सिलोन लागतच नव्हतं. "ती वाट आता गेलेल्यांची, घरी लावायची नाही," असं प्रोफेसरनं सांगितलेलं. बाबा गिरणीत असताना मी लावली. नुसती खरखर. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. खरखर तीच. रेडिओचा काटा फिरवला की काहीतरी बदलतंच, शिटी, कुजबुज, कुठली तरी परकी भाषा. इथं काटा कशालाच जोडलेला नव्हता.

मी रेडिओ पिशवीत घालून शाळेत नेला. मी तिथं मराठी शिकवते. मधुसूदन सर पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर मागचं झाकण काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अरे वा, शुद्धी झाली म्हणता? हे बघा शुद्धी." आतल्या सगळ्या भागांवर धूळ होती, फक्त काडेपेटीएवढी एक पट्टी कोरी चकचकीत होती. तिच्या तारा जोडणारे कथलाचे डाग नवे होते. "ही तुमच्या रेडिओची नाही. हा स्वतःच एक छोटा रेडिओ आहे. कान याचा, तोंड तुमच्या रेडिओचं. सिलोनची तार तोडून तिथं हा जोडलाय."

"मग यातून घरी काही ऐकू का येत नाही?"

"कारण हा एकच जागा ऐकतो, आणि त्या जागेवर कुठलंही केंद्र बोलत नाही. कोणीतरी जवळच बसून बोललं, तरच बोलेल."

"पण मग साध्या रेडिओवरच का नाही बोलत तो? इतका उद्योग कशाला?"

"साध्या रेडिओवर बोलला तर बेशाच्या पानठेल्यावरही तुमच्या आई ऐकू येतील ना, बाई!" म्हणाले आणि लगेच ओशाळले. "माफ करा."

"नाही सर, बरोबर बोललात." मी विचार केला. "म्हणजे सगळ्यांच्या रेडिओत अशीच पट्टी असणार?"

"वेगवेगळ्या कशाला करील? मेहनत वाढते." त्यांनी चष्मा खाली ओढला. "त्याचा कडक नियम काय आहे म्हणालात?"

"एका वेळी एकच रेडिओ."

भोंदूचा सगळ्यात कडक नियम जिथं असतो, तिथंच त्याचं दार असतं.

पुढच्या रविवारी मी बाबांसोबत गेले, आणि मधुसूदन सर मागच्या सतरंजीवर बसले. मी मुद्दाम नत्थूजींच्या शेजारी जागा धरली. माझ्या पुढे सिंधूताई होत्या. त्यांची मुलगी बाळंतपणात गेलेली, आणि त्या बुलढाण्याहून बदली मागून नागपूरला आल्या होत्या, फक्त या रविवारांसाठी.

"आनंदराव! पत्नी भीमाबाई!"

बाबांनी बटण फिरवलं. "अहो, पुष्पीचे बाबा... पोरीचं विष निघून राहिलं... भेऊ नका..."

मी हात लांब केला आणि नत्थूजींच्या मांडीवरच्या रेडिओचं बटण फिरवलं.

"...पानी वाढवा तिचं... सुईच्या वाटेले जाऊ नका..."

तोच आवाज. नत्थूजींच्या राजूच्या रेडिओतून माझी आई बोलत होती.

नत्थूजींनी रेडिओकडे असं पाहिलं, जणू मांडीवर साप निघाला. "हे... हे काय? माह्या पोराच्या रेडिओत ही बाई काहून बोलून राहिली?"

"बंद करा!" प्रोफेसर किंचाळला. "लहरी कापल्या जातील!"

"कुठं कापल्या?" मी उभी राहिले. "उलट स्पष्ट येतंय. सगळ्यांनी लावा. सिंधूताई, लावा तुमचा. लावा!"

सिंधूताईंनी लावला. मागं कोणीतरी लावला. मग सगळीकडे बटणं फिरू लागली आणि शेडभर, टॉवेलांतून, शालींतून, एकच बाई एकाच वेळी म्हणू लागली, "मी इथं सुखात आहे... मी इथं सुखात आहे..." कोणाचा बाप, कोणाची लेक, कोणाचा भाऊ, सगळ्यांच्या तोंडी माझी आई.

मग तो आवाज दचकला. सगळ्या रेडिओंमधून एकदम, अगदी जिवंत, घाबरलेला सूर आला. "साहेब, बाहेर काय गडबड होऊन राहिली? बोलू का थांबू?"

मधुसूदन सर तोवर उठून शेडच्या मागं पोचले होते. कडुलिंबाच्या फांद्यांतून एक तार खाली उतरली होती, ती टिनाच्या खोलीत शिरत होती. त्यांनी दाराला खांदा दिला. आत एक लोखंडी पेटी, दिवे लुकलुकणारी. तिच्यापुढे माईक, माईकवर रुमाल बांधलेला, म्हणजे आवाज दुरून आल्यासारखा वाटावा. आणि स्टुलावर आमची मायाळू कांताबाई.

"हे प्रसारण केंद्र आहे!" प्रोफेसर हात पसरून ओरडत आला. "लहर आधी इथं येते, मग ही भगिनी ती पुढे..."

"पुढे काय, फोडणी देते?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. काही लोक हसले. बहुतेक हसले नाहीत.

बाबा पुढे आले. कांताबाईसमोर उभे राहिले. "तुमीच?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मी चहा करते जी. ते सांगतात ते बोलते. पोटासाठी."

"मी तुमाले बहीण मानून सांगतलं होतं," बाबा म्हणाले. "तिचं सारं. तुमी माह्या बायकोच्या तोंडानं माह्या पोरीले मारून राहिल्या होत्या?"

तेवढ्यात सिंधूताई खोलीच्या दाराशी आल्या, पेटीकडे पाहिलं, माईककडे पाहिलं, आणि हात जोडून कांताबाईला म्हणाल्या, "एकदा... फक्त एकदा अजून बोला ना बाई. माझ्या मालूसारखं."

तेव्हा माझ्या रागाला तळ उरला नाही. प्रोफेसरची चोरी पेटीत दिसत होती. पण शिकलेली-सवरलेली, पोरीच्या दुःखानं पोखरलेली ती बाई त्यानं अशी करून ठेवली होती, की सत्य डोळ्यांपुढे असताना ती खोट्याची भीक मागत होती. ही चोरी कोणत्या कलमाखाली नोंदवायची?

नत्थूजी मात्र माझ्यावरच भडकले. "तुमाले काय भेटलं हे करून? माह्या पोराले दुसऱ्यांदा बुडवलं तुमी!"

"त्याला मी बुडवलं नाही, काका," मी म्हटलं. "त्याच्या नावानं तुम्हाला कोण बुडवत होतं, ते दाखवलं."

बाबांनी माझं मनगट धरलं. "आज रविवार हाय. पुष्पीची सुई कोठी भेटन?"

दवाखाना बंद होता. आम्ही कंपाउंडरचं घर शोधलं. त्यांनी हात पुसत पुसत येऊन पुष्पीला सुई दिली. पुष्पी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मंग माय एकदाबी नाही बोलली?" बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही वं बाई. एकदाबी नाही."

पण जंतू शहाणे झाले होते. पहिली औषधं लागू पडेनात. दुसरी मुंबईहून मागवली, त्यांनी तिचं पोट जाळलं. पुष्पलता पुढच्या थंडीत गेली. गिरिधरवर फसवणुकीचा गुन्हा झाला, जामीन झाला आणि तो गाव बदलून गेला. पुष्पीसाठी त्याच्यावर काहीच झालं नाही. त्यानं तिला हातही लावला नव्हता, हे खरंच आहे.

गेल्या वर्षी मौद्याकडचा एक ओळखीचा माणूस बाबांकडे आला. तिकडे एक नवे गुरुजी आलेत, टेलिव्हिजनवर गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवतात, म्हणाला. "आनंदराव, दोघी दिसतीन तुमाले. मायलेकी सोबत."

बाबा म्हणाले, "माह्या घरच्या दोघी मेल्या. मेलेलं मानूस दिसत नाही, बोलत नाही. हे मले माह्या पोरीच्या जीवानं समजलं, तुले फुकट सांगून राहिलो. तुह्या घरी कोन खोकून राहिलं, सांग."

तो माणूस चाचरत म्हणाला, "बायको. पण ते थंडीचं..."

बाबांनी चपला पायात घातल्या आणि त्याच्यासोबत तिला दवाखान्यात न्यायला निघाले.

वाचणाऱ्यांना मला इतकंच सांगायचं आहे. बाबा बुद्धीनं कमी नव्हते, आणि देव सोडायला जे धैर्य लागतं ते त्यांच्याकडे बहुतेकांपेक्षा जास्त होतं. फसवणारा दगडच घेऊन येतो असं नाही. तो यंत्र घेऊन येईल, पांढरा कोट घालून येईल, तुमच्याच आवडीची भाषा बोलेल. यंत्र झाकण काढून पाहा. नियम मोडून पाहा. "प्रश्न विचारू नका" असं जो म्हणेल, त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारा. आणि आपलं माणूस गेल्यावर रडावंसं वाटलं तर घरच्यांजवळ रडा, चहा देणाऱ्या अनोळखी माणसाजवळ नको.

आणि घरात कोणी औषध घेत असेल, तर ते कोणाच्याही सांगण्यावरून तोडू नका. जिवंत माणसाच्या नाही, मेलेल्याच्या तर नाहीच. डॉक्टरला विचारा. आजच विचारा.